कैसराकडे दाद मागताना

न्यायालयाने दोषी ठरवले की आरोपीच्या घरातून पहिले वाक्य ऐकू येते, ‘वर अपील करू.’ या वाक्याशी आमचे भांडण नाही. खालच्या न्यायासनाचा निर्णय वरच्या न्यायासनापुढे तपासून घेण्याचा हक्क हा सभ्य समाजाचा पाया आहे, आणि दारूच्या अमलाखाली गाडी चालवून माणसे मारल्याचा ठपका ज्याच्यावर आहे त्यालाही तो आहे. आमचे भांडण आहे ते त्यामागून येणाऱ्या वाक्यांशी. ‘त्याने काय मुद्दाम केले?’ ‘पोराच्या आयुष्याचे मातेरे झाले.’ ‘पैसे तर दिलेच आहेत.’ ‘रस्त्याच्या कडेला झोपायचेच कशाला?’ आणि या सर्वांवर कळस म्हणजे, ‘देवाने क्षमा केली, मग माणसांनी का छळावे?’ ही वाक्ये रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारातही बोलली जातात. म्हणून त्यांचा समाचार आपल्याच नियतकालिकात घेतला पाहिजे.

जळगाव-धुळ्याच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. धुळ्याला मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. त्यांतला दुसरा पुढे पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ अशी गावे ओवत जातो. त्याच रस्त्याने केळीचे ट्रक धावतात, आणि त्याच रस्त्याच्या कडेने सातपुड्यातून मजुरीसाठी उतरलेली माणसे चालत असतात. ७ मे २०२४ रोजी जळगाव–पाचोरा रस्त्यावर रामदेववाडीजवळ मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील चौघांचा बळी गेला. एक आई, तिची दोन लहान मुले आणि तिचा भाचा. ती आई आशा सेविका होती. मोटारीत गांजा सापडल्याच्या बातम्या आल्या, आणि संशयितांना अटक व्हायला दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला. दोषी कोण हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. परंतु त्या दिवसांत जळगावात उठलेला संताप आम्ही पाहिला आणि त्याच संतापात सामील असलेल्यांना आम्ही एक प्रश्न विचारू इच्छितो. स्टिअरिंगमागे आपल्या धर्मग्रामातला, आपल्या ओळखीच्या घरातला मुलगा असता, तर आपला संताप एवढाच राहिला असता काय?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. तो मुंबईत, वांद्र्यात, आपल्याच समाजाच्या दाराशी एकदा उभा राहिला आहे.

१२ नोव्हेंबर २००६. दिवस रविवार. पहाटे चारच्या सुमारास कार्टर रोडवर एक टोयोटा कोरोला पदपथावर चढली. तेथे बांधकामावरील मजूर आपल्या तात्पुरत्या झोपड्यांसमोर झोपले होते. सात जण मरण पावले, आठ जखमी झाले. गाडी चालवणारा तरुण कॅथलिक होता. त्याच्या रक्तात मद्याचे प्रमाण ०.११२ टक्के आढळले. कायद्याने मर्यादा घातली आहे ती १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची. म्हणजे हे प्रमाण जवळजवळ चौपट होते.

पुढची हकीकत न्यायालयांच्या कागदांत आहे. १३ एप्रिल २००७ रोजी सत्र न्यायालयाने त्याला केवळ हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल, म्हणजे भारतीय दंडविधानाच्या कलम ३०४-अ खाली, दोषी ठरवले आणि सहा महिने कैद व पाच लाख रुपये दंड अशी शिक्षा दिली. सात प्राणांना सहा महिने. या हिशेबाने लोक हादरले. राज्य सरकारने अपील केले, मुंबई उच्च न्यायालयानेही स्वतःहून दखल घेतली, आणि ६ सप्टेंबर २००७ रोजी त्या न्यायालयाने अपराध सदोष मनुष्यवधाचा, म्हणजे कलम ३०४ च्या दुसऱ्या भागाखालचा ठरवून तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. त्यावर आरोपीने सर्वोच्च न्यायालयात अपील केले. १२ जानेवारी २०१२ रोजी न्यायमूर्ती आर. एम. लोढा आणि न्यायमूर्ती जे. एस. खेहर यांनी ते फेटाळले. ‘अ‍ॅलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो निकाल आज देशभर वकिलांच्या तोंडी आहे.

हे नाव आम्ही कोणाला हिणवण्यासाठी घेतलेले नाही. निकालाचे नाव तेच आहे म्हणून घ्यावे लागते. पण त्या नावाकडे नीट पाहा. एका बाजूला आरोपी, दुसऱ्या बाजूला राज्य. मेलेल्या सात जणांना त्या शीर्षकात जागा नाही. परेरा हे नाव कायद्याच्या विद्यार्थ्याला पाठ असते. त्या सात जणांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? आम्हांला आमच्या या विषयाची सारी व्यथा येथेच दिसते.

आता ती वाक्ये एकेक करून तपासू.

‘त्याने काय मुद्दाम केले?’ मुद्दाम केले असते तर तो खून ठरला असता. कोणीही तसा आरोप केला नव्हता. कायदा हेतू आणि जाणीव यांत भेद करतो. मारण्याचा हेतू नसला तरी आपल्या कृत्याने कोणी मरण्याचा संभव आहे हे ठाऊक असताना ते कृत्य करणे हाही मनुष्यवधच. तो रस्ता आरोपीच्या नेहमीच्या वाटेवरचा होता, वस्ती निवासी होती, पदपथालगत झोपड्या होत्या, या गोष्टी सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेतल्या. ‘पण त्या वेळी तो शुद्धीवर कुठे होता?’ असे कोणी म्हणेल. त्याचेही उत्तर जुन्या दंडविधानात १८६० पासून होते आणि आजच्या भारतीय न्याय संहितेतही ते कायम आहे. स्वतःच्या हाताने पेला उचलणाऱ्याला, तो शुद्धीवर असता तर जी जाणीव असती तीच जाणीव होती, असे कायदा धरून चालतो. आपली आजी हेच अधिक थोडक्यात सांगत असे. प्यायलास तूच ना?

‘पोराच्या आयुष्याचे मातेरे झाले.’ हे खरे आहे, आणि त्याच्या आईवडिलांचे दुःख आम्ही हलके लेखत नाही. परंतु पदपथावर झोपलेले मजूरही कोणाची तरी मुले होती. आरोपीचे तारुण्य, त्याचे करिअर, त्याचा नवा संसार या गोष्टी शिक्षा कमी करण्यासाठी न्यायालयापुढे सांगायला वकील असतो. मेलेल्याचे तारुण्य सांगायला कोण उभे राहते?

‘पैसे तर दिलेच आहेत.’ परेरा प्रकरणात साडेआठ लाख रुपये भरले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याची नोंद घेतली आणि अशा गंभीर अपराधात नुकसानभरपाई दिली म्हणून शिक्षेत सूट मिळणार नाही असे बजावले. आम्ही त्यात एवढेच जोडू. मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा आकडा मुख्यतः मृताच्या कमाईवरून काढला जातो. त्यामुळे रोजंदारीवरच्या मजुराचे मरण नोकरदाराच्या मरणापेक्षा स्वस्त पडते. शिवाय ती रक्कम बहुधा विमा कंपनी भरते. दुसऱ्याच्या तिजोरीतून, गरिबाच्या दराने दिलेल्या पैशाला आपण प्रायश्चित्त म्हणावे काय? जक्कयाने ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत करण्याचे वचन दिले ते स्वतःच्या मालमत्तेतून, आणि त्या मोबदल्यात त्याने कोणतीही सवलत मागितली नाही.

‘रस्त्याच्या कडेला झोपायचेच कशाला?’ हे वाक्य ऐकले की आमच्या अंगाचा तिळपापड होतो. २०१५ साली एका प्रसिद्ध गायकाने रस्त्यावर झोपणाऱ्यांची तुलना जाहीरपणे कुत्र्यांशी केली, तेव्हा आपण सर्वांनी नाके मुरडली होती. पण मुरडलेल्या नाकांच्या आत विचार तोच असेल तर? कार्टर रोडचे मजूर हौसेने उघड्यावर झोपले नव्हते. ज्या शहराचे बांधकाम ते करीत होते त्या शहराने त्यांना तेवढीच जागा दिली होती. शुभवर्तमानात धनिकाच्या दारी पडून राहिलेल्या लाजराची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. लाजराने तेथे पडायला नको होते, असे आजवर एकाही धर्मगुरूने प्रवचनात सांगितल्याचे आम्हांस आठवत नाही.

राहिले शेवटचे वाक्य. ‘देवाने क्षमा केली.’ देव क्षमा करतो यावर आमची श्रद्धा आहे. परंतु प्रायश्चित्त संस्काराची शिकवण आपण धर्मवर्गातच विसरून आलो की काय? पश्चात्ताप, पापनिवेदन आणि मग भरपाई, अशा तीन पायऱ्या आपल्याला शिकवल्या होत्या. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ‘कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ’ स्पष्ट सांगतो की, पापक्षमेने पाप दूर होते, पण पापाने केलेली पडझड आपोआप दुरुस्त होत नाही. ती पापी माणसाने सावरायची असते. त्याच ग्रंथाच्या २२९० व्या परिच्छेदात, दारूच्या नशेत किंवा वेगाच्या हौसेने रस्त्यावर स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घालणारा माणूस गंभीर दोषाचा धनी होतो असे म्हटले आहे. लक्षात घ्या, कोणी मेल्यावर नव्हे. जीव धोक्यात घालताक्षणी. म्हणजे दारू पिऊन गाडी सुखरूप घरी आणणाराही, ख्रिस्तसभेच्या दृष्टीने, निर्दोष नाही.

तर मग अपील करायचेच नाही काय? करावे. जरूर करावे. अपील करणाऱ्या ख्रिस्ती माणसाचा आदर्श आपल्याजवळ आहे. संत पौलाने कैसरियात राज्यपाल फेस्तासमोर उभे राहून थेट कैसराकडे दाद मागितली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा २५ वा अध्याय काढून वाचा. दाद मागण्यापूर्वी पौल काय म्हणाला, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. मृत्युदंडाला पात्र असे काही आपल्या हातून घडले असेल तर मरण चुकवण्याची आपली मागणी नाही, हे त्याने आधी सांगितले, आणि मगच कैसराचे नाव घेतले. दाद मागण्याचा हक्क आणि सत्याला सामोरे जाण्याची तयारी त्याच्या एकाच वाक्यात नांदत होती. आपल्याकडे पहिला भाग ठेवला जातो आणि दुसरा गळून पडतो.

परेरा प्रकरणातील अपिलात गंभीर कायदेशीर मुद्दे होते. एकाच कृत्याबद्दल जाणीवपूर्वक मनुष्यवध आणि बेदरकारपणा असे दोन्ही अपराध लागू होतात काय? आरोप ठेवताना मद्यपानाचा उल्लेख झाला नव्हता, त्याने आरोपीवर अन्याय झाला काय? हे प्रश्न विचारणे गैर नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सविस्तर उत्तरे दिली आणि त्या उत्तरांमुळे कायदा अधिक स्पष्ट झाला. पुराव्यात खोट असेल, रक्ताच्या नमुन्याची हाताळणी चुकली असेल, गाडी चालवणारा खरोखर दुसरा कोणी असेल, तर ते सांगितलेच पाहिजे. निरपराध माणसाला तुरुंगात पाठवून मेलेल्याला न्याय मिळत नाही.

याची दुसरी बाजूही पाहावी. २८ सप्टेंबर २००२ च्या पहाटे वांद्र्यातच एका बेकरीसमोर झोपलेल्यांवर गाडी गेली. एक मजूर मेला, चौघे जखमी झाले. चित्रपट अभिनेता सलमान खान याला ६ मे २०१५ रोजी सत्र न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा दिली आणि १० डिसेंबर २०१५ रोजी उच्च न्यायालयाने पुरावा अपुरा ठरवून त्याला निर्दोष सोडले. ज्यांच्या फिर्यादीवर खटला उभा होता ते पोलीस शिपाई रवींद्र पाटील २००७ सालीच क्षयाने वारले होते. सत्र न्यायालयात त्यांची उलटतपासणी होऊच शकली नाही. उच्च न्यायालयाचा निर्णय आम्ही शिरोधार्य मानतो. पण ज्या यंत्रणेला तेरा वर्षांनंतरही एका मजुराच्या मरणाचे उत्तर देता आले नाही, तिच्याविषयी आम्हांला अभिमान वाटत नाही.

आणि अपिलाचा हा हक्क सर्वांना सारखा आहे असेही नाही. जळगाव किंवा धुळ्याच्या सत्र न्यायालयाने शिक्षा दिली तर दाद मागायची ती उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात. ज्याच्याजवळ पैसा आहे तो आरोपी निकालाच्या दिवशीच वकील गाठतो आणि शिक्षेला स्थगिती व जामीन मिळवून घरी येतो. मृताच्या नातेवाइकांना तर स्वतः अपील करण्याचा हक्कच ३१ डिसेंबर २००९ पासून मिळाला. तोही आरोपी सुटला, अपराध सौम्य ठरला किंवा भरपाई अपुरी वाटली तरच. शिक्षा कमी झाली या कारणावरून त्यांना स्वतः अपील करता येत नाही. ते सरकारने करायचे. सरकारने हात आखडला की काय होते ते परेरा निकालातच दिसते. तीन वर्षांची शिक्षा फारच तोकडी आहे असे सर्वोच्च न्यायालयाने नोंदवले, पण राज्य सरकार वाढीव शिक्षेसाठी आपल्यापुढे आलेले नाही म्हणून ती वाढवली नाही. सदोष मनुष्यवधाच्या त्या कलमात दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती.

१ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली आणि हयगयीने मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा दोनवरून पाच वर्षांवर गेली. चांगले झाले. पण कायद्याची पाने बदलून घरातली माणसे बदलत नाहीत. पुण्याच्या कल्याणीनगरात १९ मे २०२४ रोजी दोन तरुण अभियंते मारले गेले, त्या प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप आहे, आणि आरोपींत अल्पवयीन मुलाचे आईवडीलही आहेत. त्याचा निकाल न्यायालय देईल. आम्ही आईबापांनी मात्र स्वतःला आजच विचारून ठेवावे, की अशी वेळ आपल्यावर आली तर आपण मुलाच्या हाती काय देऊ? जपमाळ, की दुसऱ्याचे रक्त?

१९ जून २००७ रोजी, म्हणजे परेरा प्रकरणातील दोन निकालांच्या मधल्या काळात, व्हॅटिकनच्या स्थलांतरित व प्रवासी यांच्यासाठीच्या त्या वेळच्या मंडळाने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. वर्तमानपत्रांनी त्या गमतीची बातमी म्हणून छापल्या. त्यांत गंमत काही नव्हती. जो गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही त्याला प्रेमाने परावृत्त करा, अपघातात मेलेल्यांच्या कुटुंबांना आधार द्या, योग्य वेळी अपराधी चालक आणि पीडित यांची भेट घडवून क्षमेची वाट मोकळी करा, रस्त्यावर दुबळ्याचे रक्षण करा, असे ते सांगणे होते. यांपैकी एकही काम न्यायालयाच्या कक्षेतले नाही. ते सारे धर्मग्रामाचे आहे. आपण त्यातले काय केले?

आपल्या घरांतली गोष्ट आपणच बोलली पाहिजे. लग्न, बाप्तिस्मा, पहिले कम्युनियन, नाताळ. आपल्या मेजवानीत पेला रिकामा राहू नये याची काळजी यजमान डोळ्यांत तेल घालून घेतो. तोच यजमान पाहुण्याला गाडीपर्यंत पोहोचवतो, दार उघडून देतो आणि ‘जपून जा’ म्हणतो. पाहुणा जपून जाणार कशाच्या बळावर? काना येथील लग्नाचा दाखला देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्या लग्नातले पाहुणे पायी घरी गेले होते, एवढे त्यांनी ध्यानात ठेवावे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. ज्याच्या घरी मेजवानी, त्याच्या हाती गाड्यांच्या किल्ल्या. पिणाऱ्याला त्या सकाळी परत मिळतील. राग आला तर येऊ द्यावा. आपल्या समाजातील कोणावर असा खटला उभा राहिला तर त्याच्या वकिलासाठी वर्गणी काढणाऱ्यांनी तितकीच वर्गणी मृताच्या घरासाठी काढावी, आणि ती निकालाची वाट न पाहता पोहोचवावी. साक्ष द्यायची वेळ आली तर पाहिले तेच सांगावे. आणि शिक्षा कायम झाली तर त्या मुलाला टाकू नये. दर महिन्याला तुरुंगात जाऊन त्याला भेटावे. प्रभूने आपल्याला बंदिवानाला भेटायला सांगितले आहे; त्याच्यासाठी खोटा साक्षीदार उभा करायला सांगितलेले नाही.

नोव्हेंबर हा आपल्याकडे मृतांच्या स्मरणाचा महिना. कबरींवर मेणबत्त्या लागतात, मिस्सांच्या उद्देशांची यादी वेदीवरून वाचली जाते. त्याच महिन्याचा तिसरा रविवार रस्त्यावरील बळींचा स्मृतिदिन म्हणून पाळावा असे संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली ठरवले आहे. यंदा त्या रविवारी आपल्या यादीत आणखी काही माणसे असू द्या. कार्टर रोडचे सात. रामदेववाडीचे चार. आपल्या गावाजवळच्या वळणावर गेलेला तो, ज्याचे नाव आपण कधी विचारले नाही. ते या वर्षी विचारून घ्यावे आणि धर्मगुरूंकडे लिहून द्यावे. ही माणसे कोणत्याही खंडपीठाकडे जाऊ शकत नाहीत. त्यांचे अपील आपल्यापाशी आहे, आणि ते बरेच दिवस सुनावणीवाचून पडून आहे.